गोठ्याची पत्रपेटी : दोन महिने कॅल्शियम पाजलं, तरी गाय बसलीच!

पत्र पहिलं

*डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझ्याकडे सात एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गाई आहेत. आमच्या भागात बिबट्याचा फार त्रास. दोन वासरं गेल्यावर गेल्या वर्षी गोठा चारी बाजूंनी बंद केला. सात फूट भिंत, वर हिरवी जाळी, डोक्यावर पत्रा. गाई दावणीलाच असतात, बाहेर काढत नाही. परवा चौथ्या वेताची गाय पहाटे व्याली, संध्याकाळी बसली ती उठेना. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, पुन्हा बाटली. मी तर आटवल्यापासून (दूध काढणं बंद केल्यापासून) दोन महिने रोज १०० मिली कॅल्शियम पाजत होतो, शिवाय घरचा हिरवा लसूणघास १५ किलो. शेजाऱ्याचा मुक्त संचार गोठा आहे, त्याच्या एकाही गाईला असं झालं नाही. तो म्हणतो, ऊन आणि चालणं नसल्यामुळे झालं. खरं आहे का? की कॅल्शियम वाढवू?*
— एक पशुपालक, संगमनेर तालुका

भाऊ, तुमच्या गाईला झाला तो दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पुढची गाय व्यायला झाली असेल तर उशीर नको. कॅल्शियम वाढवू नका. पाजताय तेही बंद करा. घासही बंद करा. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांपुरतं हे बोलतेय, कायमचं नाही.

तुम्हाला वाटेल, बाई उलटं सांगतायत. नोकरीच्या एकतीस वर्षांत हे वाक्य ऐकल्यावर माझ्याकडे असंच बघितलेलं आहे लोकांनी. पण हिशेब करून बघू. पाचशे किलोच्या गाईच्या हाडांत सहा-सात किलो कॅल्शियम असतं. तिच्या रक्तातल्या पाण्यात एका वेळी फिरतं ते जेमतेम तीन ग्रॅम. एक लिटर चिकात साधारण दोन ग्रॅम जातं. पहाटे व्यालेल्या गाईनं दिवसभरात दहा लिटर चीक दिला, तर वीस ग्रॅम गेलं. म्हणजे रक्तातलं सगळं कॅल्शियम सहा-सात वेळा उपसून पुन्हा भरावं लागतं, आणि तेही एका दिवसात. ते भरायचं कुठून? हाडांतून आणि आतड्यांतून. जुन्या घरात धान्याची कणगी असायची ना, खाली भोक आणि भोकात कापडाचा बोळा? तुमच्या गाईची कणगी काठोकाठ भरलेली होती. बोळा निघाला नाही.

बोळा काढायचं काम मानेतल्या छोट्या ग्रंथींचं, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात कॅल्शियम घसरलं की त्या संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, लघवीतून कॅल्शियम जाऊ देऊ नको. हे मिनिटांत होतं, पण वाचतं थोडंच. मग मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार होतं, ते आतड्याला जागं करतं, त्याला दिवसभर लागतो. हाडं मोकळी व्हायला दोन दिवस. तुमची गाय बसली ती नेमकी या मधल्या अंधारात. दोन महिने तिला भरपूर कॅल्शियम बाहेरून मिळत होतं, तेव्हा या ग्रंथींना कामच नव्हतं. वापर नसलेल्या विहिरीवरच्या मोटरीसारखं, ऐन वेळी बटण दाबलं की नुसती घुरघुरते.

आता घासाकडे वळू, कारण मला बाटलीपेक्षा घासाचीच जास्त शंका आहे. पंधरा किलो हिरव्या घासात सुकं वजन तीन किलोच्या आसपास, आणि त्यात कॅल्शियम चाळीस ग्रॅमच्या घरात. तुम्ही बाटलीतून पाजत होतात ते त्यापुढे किती, हे लेबल वाचून स्वतःच ताडून बघा. शिवाय घासात पोटॅशियम खूप. पोटॅशियमनं गाईचं रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि अशा रक्तात पॅराथायरॉइडचा निरोप हाडांना आणि मूत्रपिंडाला नीट ऐकूच जात नाही. मॅग्नेशियम कमी असेल तरी तेच. त्यातून गाय चौथ्या वेताची. कालवडीची हाडं वाढीची असतात, त्यांतून कॅल्शियम पटकन सुटतं. तिसऱ्या वेतानंतर हाडं आणि आतडी दोन्ही सुस्त होतात आणि दूध मात्र वाढलेलं असतं. पहिलारू कालवड दुग्धज्वरानं बसलेली मी क्वचितच पाहिली.

म्हणून शेजाऱ्याला एक विचारा. त्याच्या गाई कितव्या वेताच्या? आणि आटलेल्या गाईला तो काय घालतो? बहुतेक ठिकाणी असं दिसतं की मुक्त संचार गोठ्यात आटलेल्या गाई एका बाजूला कडबा आणि मुरघासावर (आंबवून साठवलेल्या चाऱ्यावर) असतात, आणि दुधाळ गाईंचा घास त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. श्रेय उन्हाला मिळतं, काम कडब्यानं केलेलं असतं.

याचा अर्थ शेजारी चुकीचं सांगतोय, असा नाही. त्याचं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं तुमच्या गोठ्याला फार लागू आहे.

आधी ऊन. गाईच्या कातडीत एक चरबीसारखा पदार्थ असतो. त्यावर उन्हातले विशिष्ट अतिनील किरण पडले की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. ते यकृतात जातं, तिथं थोडं बदलतं, रक्तात साठून राहतं आणि गरज पडली की मूत्रपिंड त्याला शेवटचा हात फिरवतं. आम्ही शिकत होतो तेव्हा म्हणायचे, गाईच्या अंगावर केस, तेव्हा ऊन लागतं ते कासेला आणि नाकपुडीला, नाहीतर अंगावरचा तेलकटपणा चाटून तिच्या पोटात जातं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे सरळ तपासलं. काही गाईंना उन्हाळ्यात घोड्याची झूल घातली, काहींच्या कासेला पिशवी बांधली, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही, आणि सगळ्या कुरणात सोडल्या. २०१० साली निष्कर्ष छापून आले. जितकं अंग उघडं तितकं ड जीवनसत्त्व, केस असले तरी. म्हणजे पाठ, बरगड्या, मान, सगळी कातडी कामाला लागते. झूल घातलेल्या गाईंचा फोटो डोळ्यांसमोर आणला की मला बैलपोळा आठवतो, पण ते असो.

तुमचा गोठा म्हणजे बारा महिने घातलेली झूल आहे. पत्र्यातून काहीच येत नाही. मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे टाकले असतील तर उजेड येतो, पण हे किरण जवळपास सगळे अडतात, काचेसारखेच. जाळीतून येतं ते तिरकं आणि थोडं. आणि खनिज मिश्रणाच्या पिशवीवर नीट वाचा. पुष्कळ मिश्रणांत फक्त खनिजं असतात, जीवनसत्त्वं नसतातच.

आपल्याकडे यावर रडायचं कारण नाही. डेन्मार्कात डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम दहा-अकरा अंश चढतो, तिथं हिवाळाभर गाय बाहेर उभी केली तरी कातडीत काही तयार होत नाही. नगर-पुण्यात त्याच दिवशी दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर असतो. खूण सोपी आहे, मी शाळेतल्या पोरांनाही सांगायचे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी झाली की ऊन कामाचं. कोवळ्या उन्हानं ड मिळतं, असं गावोगावी सांगतात. गाईला ऊब मिळते, ड फारसं मिळत नाही. मे महिन्यात सावली साडेनऊच्या सुमारास छोटी होते, तेव्हा तासभर बाहेर ठेवा आणि उन्हाचा चटका वाढायच्या आत सावलीत घ्या, कारण एचएफ गाय धापायला लागली की खाणं सोडते आणि मग सगळं गणितच बिघडतं. थंडीत अकरा ते दोन बिनधास्त. पावसाळ्यात ढगांतूनही थोडं येतं, उघडीप मिळाली की सोडा. एखाद्या दिवशी नाही जमलं तर काही बिघडत नाही, रक्तातला साठा आठवडे पुरतो. तुमच्या गाईंचं वर्ष बंद गोठ्यात गेलं, अडचण ती आहे.

आणखी एक गंमत सांगते. उन्हात वाळलेल्या कडब्यातही ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार होतो, पानं वाळताना. घरामागे रचलेली कडब्याची गंज ही एका अर्थी साठवलेलं ऊनच. मुरघास झाकून आंबवलेला, त्यात ते कमी. म्हणून सगळं मुरघासावर नेणाऱ्यांना मी म्हणते, दिवसाला चार-पाच किलो वाळला कडबा राहू द्या.

आता चालणं. दुग्धज्वर नुसत्या चालण्यानं टळतो, असं मी म्हणणार नाही. पण हाड हे जिवंत आहे. भार पडतो तिथं ते मोडतं-घडतं, वापरात राहतं. अंतराळात महिनोन् महिने राहणाऱ्या माणसांचं हाड दर महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतं, कारण पायांवर भारच नसतो. दावणीची गाय अंतराळात नाही, पण आठ फुटांच्या दोरीत ती बसते, उठते, एवढंच. स्वीडनमध्ये बांधलेल्या गाईंना रोज चालवून पाहिलेल्या अभ्यासात, १९९३ साली छापलेल्या, चालणाऱ्या गाईंना विण्याच्या वेळचे आजार आणि पायांचे त्रास कमी झाले. माझ्या अनुभवात फरक सगळ्यात जास्त दिसतो तो गाय बसल्यानंतर. फिरणारी गाय बाटली लागताच पाय रोवून उठते. वर्षभर बांधलेली गाय कॅल्शियम परत आल्यावरही चाचपडते, काँक्रीटवर मागचे पाय फाकतात, मांडीचे स्नायू फाटतात, आणि मग महिनाभर उठवत बसा.

बिबट्याचं काय? तुमचा प्रश्न खरा आहे, त्यावर हसणाऱ्यानं एक रात्र तुमच्या वस्तीवर काढावी. पण बिबट्या मुख्यतः रात्रीचा. गोठा रात्री बंदच ठेवा. दिवसा वापरायला शेजारी सव्वा गुंठ्याचं कुंपण करा, सात गाईंना गाईमागे दोनशे चौरस फूट झाले. चेनलिंक जाळी, एका कोपऱ्यात शेवग्याची किंवा शेडनेटची सावली, गव्हाण एका टोकाला आणि पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला. पाणी प्यायला गाय दिवसातून दहा वेळा तरी चालते, तुम्हाला कासरा धरून फिरवावं लागत नाही. खाली मुरूम, चिखल नको. गाभण गाय पळवायची नाही, आणि सुरुवातीला दोन-तीन दिवस एकमेकींना शिंगं लावतील तेव्हा लक्ष ठेवा.

आता पुढच्या गाईसाठी नेमकं. व्यायच्या तारखेआधी तीन आठवडे : कडबा, मका मुरघास, थोडा भुसा, गोळी पेंड; घास नाही, कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम असलेलं मिश्रण थोडं. तुमच्या डॉक्टरांशी बोलून आटलेल्या गाईंसाठीचे अॅनायनिक क्षार, म्हणजे रक्ताचा अल्कधर्मीपणा उतरवणारे क्षार, सुरू करा. चव वाईट असते, मुरघासात मिसळा. काम होतंय का ते लघवी सांगते : पट्टीवर एरवी आठच्या आसपास येणारा सामू (पीएच) सहा ते पावणेसात झाला पाहिजे. व्याल्याबरोबर क्षार बंद, आणि त्या क्षणापासून घास आणि कॅल्शियम मोकळ्या हातानं. या बसलेल्या गाईसारख्या जास्त वेताच्या गाईची पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळू नका; वासराला पुरेल एवढा चीक आणि वर थोडा काढा.

तरीही बसलीच तर? कान हाताला गार लागतात, नाकपुडी कोरडी, मान वळवून डोकं बरगडीला टेकवते. थर्मामीटर लावा, नाव दुग्धज्वर पण पारा गाईच्या नेहमीपेक्षा खाली, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला. तोंडातून काहीही ओतू नका, गिळता येत नाही, फुप्फुसात जातं. आडवी पडू देऊ नका, पोट फुगतं. दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावून छातीवर बसती ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत बादलीत गरम पाणी ठेवा, बाटली अंगाइतकी कोमट करायला. शिरेतली बाटली पंधरा-वीस मिनिटं घेऊन द्यायची असते. माझ्या नोकरीच्या पहिल्याच थंडीत घाई केली होती, गार बाटली, जोरात धार. स्टेथोस्कोपमध्ये हृदय अडखळायला लागलं. सुई काढून अर्धा तास तिच्या छातीवर कान ठेवून बसले होते. गाय वाचली, पण त्यानंतर घड्याळ बघितल्याशिवाय मी कधी कॅल्शियम सोडलं नाही.

त्याच गावातले निवृत्तीला आलेले व्रणोपचारक (दवाखान्यातले मलमपट्टी करणारे मदतनीस) सांगायचे, जुन्या काळी सायकलच्या पंपानं कास फुगवून गाय उठवायचे. थट्टा नव्हे. १८९७ साली डेन्मार्कमधल्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं कासेत औषधी पाणी भरून गाई वाचवल्या, मग कळलं नुसती हवाही चालते. कास ताणली की दूध उतरणं थांबतं, कॅल्शियमची गळती थांबते. कारण मात्र १९२५ मध्ये स्कॉटलंडमध्ये उलगडलं. तुम्ही पंप लावू नका, कासदाह होईल.

आणि जाता जाता : गाय उभी आहे म्हणजे कॅल्शियम ठीक आहे, असं नसतं. वार अडकली, व्याल्यावर दोन दिवस खाणं कमी, लगेच कासदाह झाला, तर बाकी सहा गाईंकडेही याच नजरेनं बघा.

पत्र दुसरं

*गोठ्यात रात्रभर एलईडी ट्यूब लावतो. दूध वाढतं असं ऐकलं. ट्यूबमुळे ड जीवनसत्त्वही मिळत असेल ना?*
— दौंड तालुका

ड मिळत नाही. साध्या ट्यूबमध्ये ते किरण नसतात.

दुधाचं ऐकलेलं खरं आहे, पण पूर्ण रात्रभर नको. अमेरिकेतल्या डेअरीवरच्या प्रयोगांत दिवसाला सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार दिलेल्या दुधाळ गाईंनी साधारण दोन लिटर जास्त दूध दिलं. अंधारही तिला हवा असतो, चोवीस तास उजेड ठेवला तर फायदा जातो. आणि आटलेल्या गाईला नेमकं उलटं लागतं : आठ तास उजेड, सोळा तास अंधार, तर पुढच्या वेताला दूध वाढतं. एकाच गोठ्यात दोन्ही बांधल्या असतील तर आटलेल्यांना टोकाला घ्या आणि तिकडची ट्यूब संध्याकाळीच बंद करा. वीजबिल थोडं वाचेल, तेही खरं.

पत्र तिसरं

*ड जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन मेडिकलमध्ये मिळतं. व्यायच्या आधी दिलं तर ऊन-बिन नको, असं मित्र म्हणतो.*
— बारामती तालुका

ते व्यायच्या दोन ते आठ दिवस आधी द्यावं लागतं. तुमची गाय तारीख पाळते का? माझ्या ओळखीची एकही पाळत नाही. लांबली म्हणून पुन्हा दिलं की जास्तीचं ड हृदयाच्या झडपांत आणि रक्तवाहिन्यांत चुन्यासारखं कॅल्शियम साठवायला लावतं, आणि ते परत काढता येत नाही. डॉक्टरांशिवाय हात लावू नका.

पत्र चौथं

*उसाचे वाढे हेच आमचं वैरण. चार महिन्यांचं वासरू आहे, पुढचे गुडघे सुजल्यासारखे, पाय धनुष्यासारखे. वासरं आम्ही मागच्या खोलीत कोंडून ठेवतो.*
— शिरोळ तालुका

पाय वाकडे, गुडघे जाड, अंधारी खोली : पहिला संशय मुडदुसाचा, म्हणजे ड कमी पडून हाडं मऊ राहण्याचा. वासराला आजपासून दुपारी बाहेर बांधा, आणि वासरांसाठीचं ड जीवनसत्त्व असलेलं मिश्रण द्या. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि दोन्ही शेणात जातात. म्हणून गाईंच्या वाढ्यावर कुट्टी केल्यावर चुन्याची निवळी शिंपडा, आणि निम्मी वैरण तरी दुसरी करा.

पण एक गोष्ट आधी बघा. गुडघा गरम लागतो का, वासरू हात लावू देत नाही का, बेंबी सुजलेली किंवा ओली आहे का? तसं असेल तर हा मुडदूस नव्हे, बेंबीतून सांध्यात गेलेला पू आहे. मग पत्राची वाट बघू नका, आजच दवाखान्यात न्या.